न रंगवलेली फटफटी

आजारपणानंतर आप्पांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, तो म्हणजे ‘व्हय’. भूक लागली तरी व्हय, पोट भरलं तरी व्हय, पाठीखाली गोधडीची वळकटी टोचत असली तरी व्हय. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेलं. अंगणात उभे राहून राखुंडीनं दात घासत होते, तसेच हळूच खाली बसले आणि एका अंगावर कलंडले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ झालीय, जीव वाचला हेच पुष्कळ समजा. बोलणं येईल, नाहीतर येणारही नाही, तेल लावून मालिश करत राहा. आज माझ्या लेकीच्या वयाच्या मुली बोलायला शिकवण्याचं शास्त्र शिकून येतात, त्यांचे दवाखाने आमच्या बजाजनगरातसुद्धा आहेत. तेव्हा आमच्याकडं तिळाच्या तेलाची वाटी होती आणि मायचे दोन हात होते. बाकी काही नव्हतं.

आमचं घर चिकलठाण्याच्या जुन्या वस्तीत होतं, जालना रस्त्यापासून जरा आत. आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं. तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो, आणि बस धरायची झाली की ‘शहरात जाऊन येते’ असं सांगून निघायचो, म्हणजे आपण शहराबाहेरचे हे आम्ही मनाशी धरूनच चाललो होतो. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, पुढं ऐसपैस अंगण आणि अंगणाच्या कडेला एक छपरी. छपरीत दोन शेळ्या, सरपण आणि आप्पांची फटफटी. सकाळी कंपन्यांचा भोंगा व्हायचा तेव्हा मायची शेवटची भाकर तव्यावर असायची. दुपारी विमान यायचं, ते पत्र्यावरून इतकं खालून जायचं की ताटातली आमटी थरथरायची. माय एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाज्या निवडायला आणि भांडी घासायला जायची. मी शहरात कॉलेजला. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती लांब नाशकाकडं गेलेली. म्हणजे दुपारच्या वेळी आप्पा एकटे, खाटेवर, दाराकडं तोंड करून पडलेले. दारातून छपरी दिसायची.

आजारी पडायच्या आधी आप्पांना येसराची आमटी लई आवडायची. धान्यं आणि मसाला भाजून दळलेला तो येसर उकळत्या पाण्यात पडला की वास गल्लीच्या टोकाला जायचा, आणि फटफटीवरून येणारे आप्पा टोकावरच इंजिन बंद करून, गाडी ढकलत, वास घेत घेत यायचे. आजारपणानंतर तिखट बंद झालं. माय ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायची, ताकात कालवायची आणि चमच्यानं भरवायची. उजव्या कोपऱ्यातून ओघळ यायचा, तो पदरानं टिपायची. “आजून घेता?” ती विचारायची. “व्हय.” मग तोंडातला घास तसाच राहायचा, आणि आम्हाला कळायचं की तो व्हय नाय होता.

आमचं घराणं मूळचं करमाडकडचं, धनगराचं. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. आप्पा शाळेत गेले आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चाकरीला लागले, पण हिंडले मेंढरांमागंच. बर्फ घातलेल्या डब्यात लशीच्या बाटल्या, डबा फटफटीच्या मागच्या कॅरिअरला दोरीनं आवळलेला, आणि आप्पा या तळावरून त्या तळावर. ते डॉक्टर नव्हते, तरी रानातली माणसं त्यांना फटफटीवाले डॉक्टरच म्हणायची. लांबून आवाज आला की कुत्री भुंकायची थांबायची, असं आप्पा सांगायचे. खरं की खोटं, देव जाणे.

ती फटफटी विलायतेची, मोठ्या लढाईच्या वेळी फौजेसाठी आलेली. लढाई संपल्यावर छावणीतून भंगारात निघाली, कुणाकुणाच्या हाताखालून गेली आणि शेवटी युनूसभाईंच्या गॅरेजात आली. युनूसभाई आप्पांचे दोस्त. त्यांनी ती चालू करून आप्पांना दिली, माझ्या जन्माच्याही आधी. तिला तेव्हापासून कधी रंग लागला नाही. टाकीवर मूळचा फौजी खाकी-हिरवा, त्यावर कुण्या मालकानं फासलेला काळा, आणि काळ्यालाही मधूनमधून पोपडे आलेले. टाकीच्या दोन्ही अंगांना, जिथं आप्पांचे गुडघे टेकायचे, तिथं दोन्ही रंग झिजून खालचा पत्रा उघडा पडला होता, आणि तो मात्र गंजला नव्हता, पितळी भांड्यासारखा लखलखीत होता. सीटचं कातडं एका बाजूला जास्त दबलेलं, कारण आप्पा जरा डावीकडं कलून बसायचे. मडगार्डवर पोचा होता, तो एका मेंढ्यानं टक्कर मारून पाडलेला. एकदा बहीण म्हणाली, “आप्पा, रंगवून घ्या की, माझ्या मैत्रिणी हसतात.” तर आप्पा म्हणाले, “येडे, माणूस आपलं कातडं रंगवतं का?”

त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यावरून माझं आणि मायचं रोज भांडण व्हायचं. मायचं म्हणणं, आखूड व्हय तो खरा आणि लांबलेला व्हय म्हणजे नाय. मला बरोबर उलटं वाटायचं. मला वाटायचं, नाय म्हणायचं असलं की ते चिडतात आणि चिडलेला माणूस तोडून बोलतो. आम्ही दोघी त्यांच्या खाटेपाशी उभ्या राहून, त्यांच्या तोंडावर, त्यांच्या मनात काय आहे यावर हुज्जत घालायचो. आणि ते एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहायचे. त्यांना सगळं कळत होतं. डोळ्यांत दिसायचं.

एके दिवशी माझं कॉलेज लवकर सुटलं. घरी आले तर खाट मोकळी. छपरीत शेळ्या दावं ताणून मागं सरलेल्या आणि फटफटी आडवी पडलेली, तिच्याखाली आप्पा. खाटेपासून छपरीपर्यंत मातीत एक घसटलेली वाट उमटली होती. डाव्या हातानं हँडल धरून ते स्वतःला वर ओढायला गेले असणार, डाव्या पायावर उभेही राहिले असणार, आणि मग ते धूड त्यांच्या अंगावर आलं. पेट्रोल ठिबकत होतं, त्यांच्या धोतरावर डाग पसरत चालला होता. मी फटफटी उचलायला गेले. ती हललीसुद्धा नाही. सरपणातलं लाकूड खाली घालून रेटलं, लाकूड मोडलं. मी ओरडले, पण त्या वेळी सगळी गल्ली कामावर गेलेली. मी रडत होते आणि आप्पा खालून म्हणत होते, “व्हय, व्हय... व्हय.” अगदी हळू. आजारी मेंढीला टोचण्याआधी तिच्या मानेवरून हात फिरवताना ते जसं पुटपुटायचे, त्या आवाजात. ते माझी समजूत काढत होते. शेवटी सायकलवरून जाणाऱ्या दोघा कामगारांनी आवाज ऐकला, ते आत आले आणि त्यांनी फटफटी उभी केली. आप्पांच्या डाव्या हातानं हँडल सोडलं नव्हतं. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पायाला पेट्रोलनं भाजल्यासारखी जखम, बरगड्यांना मुका मार. मायनं संध्याकाळी हळद लावली. दुसऱ्या दिवशी तिनं फटफटीचं चाक छपरीच्या खांबाला साखळीनं बांधलं. दोन दिवस गेले नसतील, आप्पा पुन्हा सरपटत तिथवर गेले आणि साखळीशी झटत बसले. मी त्यांना आणायला गेले तर त्यांनी माझा हात झिडकारला. जन्मात पहिल्यांदा.

युनूसभाई दर शुक्रवारी नमाज झाल्यावर यायचे. हातात नान-खलियाचा, म्हणजे रोटी आणि तिखट मटणाचा, डबा असायचा, आप्पांना तो खाता येत नाही हे माहीत असूनही. मग तो मी आणि माय खायचो, आणि युनूसभाई आप्पांपाशी बसून मोठमोठ्यानं बोलायचे, जणू आप्पांना ऐकू येत नाही. त्या शुक्रवारी मायनं त्यांना चहा दिला आणि कप त्यांच्या हातात पोहोचायच्या आधीच म्हणाली, “भाईजान, फटफटी विकायची हाये.”

युनूसभाईंनी कप खाली ठेवला. “भाभी, कायकू जल्दी करते? मेरे गॅरेज में रखतूं ना. मैं जिंदा है तब तक रखतूं.”

“तुमच्याकडं ठेवली तर ती शहरात हाये, हे यांना ठाऊक राहील. रोज वाट बघतील. आन् एक दिवस खाटेवरून उतरून रस्त्याला लागतील. जालना रस्ता हाये तो, भाईजान. ट्रक हायेत.” मायचा आवाज चढला नव्हता. “मेलेल्याचं दुःख निवतं. गावाला गेलेल्याचं निवत नाय. मला ती मेलेलीच पायजे.”

“इनकू पूछे?”

“इचारलं.”

“क्या बोले?”

“व्हय म्हन्ले.”

युनूसभाईंनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा डोळे फाडून त्यांच्याकडं बघत होते. “व्हय,” आप्पा म्हणाले. आखूड होता की लांब, मला आज सांगता येणार नाही. युनूसभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मी म्हणाले, “माय, ते नाय म्हणतायत.” माय माझ्याकडं वळून म्हणाली, “मग तू घरी बस. कॉलेज सोड आन् दिवसभर यांच्यापाशी बस. बसतीस?” तिचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आणि आता तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा माझं जास्त वय झाल्यावर तर मुळीच म्हणता येत नाही. ती काम सोडू शकत नव्हती. मी शिक्षण सोडावं असं तिला वाटत नव्हतं. आणि आप्पा स्वतःला थांबवू शकत नव्हते.

पुण्याला एक दामलेसाहेब होते, जुन्या गाड्या जमवणारे. युनूसभाईंची त्यांच्याशी ओळख होती. “उनकू रंग मारेली गाडी नक्को,” युनूसभाई म्हणाले. “जैसी है वैसी होना.” मायला ते पटेना. गंजलेल्या, पोपडे आलेल्या गाडीसाठी कोणी पुण्याहून येईल हे तिला थट्टेसारखं वाटलं. साहेब येणार त्या सकाळी तिनं बादलीत पाणी घेतलं, कपडे धुवायचा साबण आणि नारळाची शेंडी घेतली आणि फटफटीपाशी बसली. बैल बाजाराला न्यायच्या आधी जसा धुतात तशी ती फटफटी धुणार होती. नेमके तेव्हाच युनूसभाई आले आणि फाटकातूनच ओरडले, “भाभी! हात मत लगाओ! पानी दूर रखो!”

“आवो, शेण वाळलंय चाकावर. अशी घाणेरडी देऊ का पाव्हण्याला?”

“वो शेण के बी पैसे हैं, भाभी,” युनूसभाई म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी माय हसली. खाटेवरून आप्पाही हसल्यासारखे झाले. तोंडाची डावी बाजू वर गेली. त्या एका क्षणापुरतं आमचं घर पहिल्यासारखं झालं होतं आणि मला वाटलं, आता माय म्हणेल, राहू द्या, नाय विकायची. ती उठली आणि बादलीतलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घालून आली.

दामलेसाहेब टेम्पो घेऊन आले. साठीकडं झुकलेले, पायात कापडी बूट, बोलणं हळू आणि स्वच्छ. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. ते आधी आप्पांपाशी गेले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि मग छपरीत येऊन फटफटीपुढं मातीत चक्क गुडघे टेकून बसले. बराच वेळ नुसतं पाहिलं. बोटाच्या टोकानं टाकीच्या उघड्या पत्र्याला, लावू की नको असा, स्पर्श केला. “ह्याला पॅटिना म्हणतात,” ते मला म्हणाले. “वापरानं आणि काळानं चढवलेला रंग. नवा रंग कुणीही देईल. हा कुणाला देता येत नाही. एकदा घासून टाकला की गेलाच.” आता माझा भाचा मोबाईलवर असल्या गाड्यांचे फोटो दाखवतो, त्यात गंजाची वाहवा करणाऱ्या माणसांची रांग असते, आणि तोच शब्द येतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तो शेळ्यांच्या छपरीत.

ते एकेका खुणेबद्दल विचारत गेले. हा पोचा कसला? मी मेंढ्याची गोष्ट सांगितली, मेंढा टक्कर मारून स्वतःच कसा चार पावलं मागं जाऊन बसला तेही सांगितलं. कॅरिअरच्या नळीला ही खाच कसली? लशीच्या डब्याची दोरी रोज तिथंच घासायची, त्याची. सीट अशी एका बाजूला का दबली? मी आप्पांचं कलून बसणं करून दाखवलं. साहेब हसत होते, मान डोलावत होते, मलाही सांगताना रंग चढला होता. सांगता सांगता माझं लक्ष दाराकडं गेलं. आप्पांची खाट युनूसभाईंनी दारात ओढून आणली होती. आप्पा माझ्याकडं बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी सांगेन तितकी ती गाडी साहेबांना जास्त आवडत चाललीय. मी मध्येच थांबले. साहेबांनी टाकीवरच्या त्या दोन लखलखीत जागांवर बोट ठेवून विचारलं, “आणि हे?” माय म्हणाली, “त्यांचे गुडघे.”

साहेब उठले. गुडघ्यांची माती न झटकताच खाटेपाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. “आप्पासाहेब, वहिनी म्हणतात, युनूसभाई म्हणतात, पण गाडी तुमची आहे. तुम्ही मनापासून देत असाल तरच मी नेईन. तुम्ही एकदा नाही म्हणा, मी आल्या पावली परत जातो. माझा काही राग नाही.”

आप्पांचं तोंड उघडलं. मान ताठली, कपाळावरची शीर फुगली, ओठ कशाचा तरी आकार करू बघत होते. मी मनात म्हणत होते, न, न, न म्हणा. “व्ह...” आप्पा म्हणाले. त्यांनी मान झटकली, पुन्हा जोर केला. “व्हय.” डोळ्यांतून पाणी आलं. “व्हय! व्हय! व्हय!” त्यांनी डाव्या मुठीनं खाटेचा माचा धडाधडा बडवला.

“ते नाय म्हणतायत,” मी ओरडले. “साहेब, त्यांना नाय म्हणता येत नाय! त्यांच्याकडं तो शब्दच नाय!”

“कांते, गप,” माय म्हणाली. मग साहेबांना म्हणाली, “ते देतो म्हणतायत. जड जातंय, म्हणून रडतायत. तुम्हाला जड गेलं नसतं का?”

साहेब गोंधळले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग खाली वाकून, लहान मुलाशी बोलावं इतकं सावकाश म्हणाले, “आप्पासाहेब, आपण असं करू. द्यायची नसेल तर डावा हात वर करा. फक्त हात वर करा.”

आप्पांचा हात वर आला. मी बघितलं, वर आला. पण तो वर थांबला नाही. तो पुढं गेला आणि त्यानं साहेबांचं मनगट धरलं. आप्पांनी त्यांना ओढलं. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. युनूसभाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पटकन साखळी सोडली आणि फटफटी ढकलत खाटेजवळ आणली. आप्पांनी साहेबांचा तळवा टाकीवर, त्या उघड्या पत्र्यावर नेऊन ठेवला आणि वरून स्वतःच्या हातानं दाबून धरला. दाबून धरला आणि साहेबांच्या डोळ्यांत बघत राहिले.

“जपेन,” ते म्हणाले. “शब्द देतो. अशीच ठेवेन.” मायनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. त्या दोघांनाही कळलं होतं, की आप्पांनी आपल्या हातानं गाडी सोपवली. मला मात्र वाटलं, ते म्हणतायत, हात लावून बघा, हा मी आहे, मला कसं नेता? तोच हात, तोच पत्रा. आम्ही तिघांनी ते तीन पावलांच्या आतून पाहिलं होतं. आपल्या म्हणण्याचा पुरावा कुणाकडंच नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होतं ते “व्हय” म्हणत होते.

युनूसभाईंनी किक मारून गाडी चालू करून दाखवली. कितीतरी महिन्यांनी तो आवाज अंगणात घुमला. शेजारची माणसं कुंपणापाशी गोळा झाली. मग टेम्पोच्या फाळक्याला फळी लावली, चौघांनी मिळून फटफटी वर चढवली, जुन्या घोंगड्या मध्ये घालून दोऱ्या आवळल्या, कुठं घासायला नको म्हणून. किमतीचं युनूसभाईंनी आधीच ठरवलं होतं. मायनं पैशांचं पाकीट न उघडता देव्हाऱ्यात ठेवलं. टेम्पो गल्लीच्या टोकाला वळून जालना रस्त्याला लागेपर्यंत मी फाटकात उभी होते. मागं वळून आप्पांकडं बघायची माझी छाती झाली नाही.

रात्री आप्पांनी मायनं दिलं तेवढं सगळं खाल्लं. ओघळ आला नाही, तोंडात घास राहिला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. मालिशीला हात पुढं करायचे, कूस बदलायला सांगितली की बदलायचे. छपरीकडं बघेनासे झाले. खाटेवरून उतरायची धडपड संपली. जिथं फटफटी उभी असायची तिथं तेलाचा काळा डाग होता. माय त्याच्यावरून शेणानं सारवायची, सारवण वाळलं की डाग पुन्हा वर यायचा. ती पुन्हा सारवायची. “बघ, निवले का नाय?” एकदा सारवता सारवता ती मला म्हणाली. निवले होतेच. पडले नाहीत, लागलं नाही, जखमा भरल्या. आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, माझं लग्न त्यांनी पाहिलं, माझी लेक त्यांच्या डाव्या मांडीवर खेळली. फटफटी राहिली असती तर यातलं काही घडलं असतं का, सांगता येत नाही. मायनं त्यांना जगवलं. एवढं मी लिहून ठेवते, कारण ती हयात असताना मी तिला ते कधी म्हणाले नाही.

फटफटी गेल्यानंतरचा, माझं कॉलेज अजून चालू असतानाचा एक दिवस सांगायचा राहिला. हुरड्याचे दिवस होते, हवेत गारवा होता. माय आप्पांना कण्या भरवत होती, मी उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होते. माय नेहमीसारखी म्हणाली, “आजून घेता?” आणि आप्पा म्हणाले, “नाय.”

मायच्या हातातला चमचा तसाच राहिला. आप्पा स्वतःच दचकले होते. त्यांनी ओठांना हात लावला. “नाय,” पुन्हा म्हणाले. मग एकदम हसत सुटले. “नाय! नाय!” मायनं वाटी खाली टाकली आणि ती देव्हाऱ्याकडं धावली, तिथून साखरेचा डबा घेऊन गल्लीत. प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवत सांगत होती, “आमचे हे नाय म्हन्ले.” लोकांना काय समजावं ते कळेना, पण त्यांनी साखर खाल्ली. आम्ही दोघी दिवसभर आप्पांना काहीबाही विचारत राहिलो. थंडी वाजते का? नाय. गोधडी देऊ? नाय. मी अभ्यास करते का? नाय. माय चांगली का? व्हय. आता आखूड-लांबचं भांडण उरलं नव्हतं. जे ते म्हणत होते, तेच त्यांना म्हणायचं होतं.

शुक्रवारी युनूसभाई आले, त्यांना फाटकातच बातमी कळली. ते खाटेच्या कडेवर बसले आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाले, “आप्पा, मैं चोर हूं?” “नाय.” “अच्छा आदमी हूं?” “व्हय.” “मेरे सर पे बाल हैं?” “नाय!” आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. माय डोळे पुसत होती. युनूसभाईंनी पुढचं काही विचारायला तोंड उघडलं. विचारता विचारता त्यांची नजर दारातून बाहेर गेली, छपरीत, शेळ्यांच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर, आणि शब्द त्यांच्या तोंडातच राहिले. हसू थांबलं. मायनं ते पाहिलं. मीही पाहिलं. माय उठली आणि म्हणाली, “भाईजान, चहा टाकते.” युनूसभाई म्हणाले, “हौ भाभी, अद्रक डालके.” मी शेंगांची टोपली जवळ ओढली आणि खाली मान घालून सोलायला लागले.

आप्पा आधी युनूसभाईंच्या तोंडाकडं, मग माझ्या, मग चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या मायकडं बघत राहिले. ते कुणीतरी विचारायची वाट बघत होते. चहा उकळला, माय कप भरून घेऊन आली, आणि युनूसभाई यंदाच्या थंडीबद्दल बोलायला लागले.